विमान फुल्ल, पण क्रूला जागा हवी. मग तुम्हाला उतरवता येतं का?

९ एप्रिल २०१७, रविवारची संध्याकाळ. अमेरिकेतल्या शिकागोच्या ओहेअर विमानतळावर युनायटेड एक्सप्रेसची फ्लाइट ३४११ लुईव्हिलला निघायच्या तयारीत होती. विमान छोटं, ७० सीटचं. प्रवासी आपापल्या जागेवर बसले होते, बॅगा वर ठेवून झाल्या होत्या. तेवढ्यात सांगण्यात आलं की चार जणांना उतरावं लागेल.

कारण काय? तर विमान कंपनीच्या चार क्रू मेंबर्सना लुईव्हिलला पोहोचायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिथून निघणारं विमान त्यांना न्यायचं होतं.

स्वखुशीने उतरणाऱ्यांना आधी ४०० डॉलरचं व्हाउचर देऊ केलं, मग ८०० डॉलरचं. कुणी तयार झालं नाही. पुढचं विमान थेट सोमवारी दुपारी होतं आणि सोमवारी लोकांना कामावर जायचं होतं. शेवटी कंपनीनेच चार जण निवडले. त्यातले ६९ वर्षांचे एक डॉक्टर उठायला तयार होईनात. सकाळी पेशंट बघायचे आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. विमानतळाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्यांना सीटवरून ओढून काढलं आणि मधल्या वाटेवरून फरपटत बाहेर नेलं. त्यांचं नाक मोडलं आणि दोन दात पडले, असं त्यांच्या वकिलांनी नंतर सांगितलं. बाकीच्या प्रवाशांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ काही तासांत जगभर पोहोचले.

ही बातमी बहुतेकांना 'ओव्हरबुकिंगमुळे प्रवाशाला मारहाण' अशी आठवते. पण कंपनीने नंतर स्वतःच स्पष्ट केलं की त्या फ्लाइटची जास्तीची तिकिटं विकलेली नव्हती. जेवढ्या सीट तेवढेच प्रवासी होते. जागा कमी पडली ती ऐन वेळी आलेल्या क्रूमुळे.

मग प्रश्न असा की, पैसे भरून बसलेल्या माणसापेक्षा कंपनीचा कर्मचारी महत्त्वाचा कसा? आणि हीच वेळ आपल्याकडे, मुंबई किंवा पुण्याच्या विमानतळावर आली तर नियम काय सांगतो?

क्रू प्रवाशांच्या सीटवर का बसतो?

युनिफॉर्ममधले पायलट किंवा एअर होस्टेस प्रवाशांच्या सीटवर बसलेले तुम्ही पाहिले असतील. त्या फ्लाइटवर त्यांचं काम नसतं. दुसऱ्या शहरातून त्यांची ड्युटी सुरू होणार असते आणि कंपनी त्यांना तिथे नेऊन सोडत असते. विमान क्षेत्रात याला 'डेडहेडिंग' किंवा 'पोझिशनिंग' म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, उद्या सकाळी ६ वाजता नागपूरहून मुंबईला फ्लाइट आहे. विमान रात्रीच नागपूरला येऊन उभं आहे, पण ते सकाळी नेणाऱ्या क्रूमधले दोघं आजारी पडले. बदली क्रू मुंबईत आहे. त्यांना आज रात्रीच्या शेवटच्या विमानाने नागपूरला पाठवलं नाही, तर सकाळची फ्लाइट निघणार नाही.

एखादी एअर होस्टेस कमी असली तर बाकीचे सांभाळून घेतील, असंही चालत नाही. दर ५० सीटमागे किमान एक केबिन क्रू हवा, असा नियम आहे. १८० सीटच्या विमानाला चार लागतात. तीनच असतील तर ते विमान भरलेल्या प्रवाशांसह उडू शकत नाही.

शिवाय एकच विमान दिवसभरात चार-पाच शहरांच्या फेऱ्या करतं. सकाळची नागपूर-मुंबई रद्द झाली की त्याच विमानाची पुढची मुंबई-गोवा आणि त्यानंतरची गोवा-दिल्ली, सगळीच लटकतात.

त्यामुळे कंपनीचा हिशोब साधा असतो. आज रात्री दोन प्रवाशांना थांबवलं तर दोघांचा खोळंबा. नाही थांबवलं तर उद्या सकाळी १८० जणांचा, आणि पुढच्या फेऱ्यांवरचे वेगळेच. हा हिशोब चुकीचा नाही.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. विमान कंपन्यांचे कर्मचारी सुट्टीवर फिरायला जाताना सवलतीच्या तिकिटावर जातात. त्यांना सीट मिळते ती सगळे प्रवासी बसल्यावर जागा उरली तरच. त्यांच्यासाठी तिकीटवाल्या प्रवाशाला उतरवलं जात नाही. ड्युटीवर निघालेल्या क्रूची गोष्ट वेगळी असते, कारण त्यांच्या पोहोचण्यावर पुढची फ्लाइट अवलंबून असते.

टॅक्सीने का नाही पाठवलं?

२०१७ मध्ये सोशल मीडियावर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच होता. शिकागो ते लुईव्हिल रस्त्याने साधारण पाच तास लागतात. चौघांना गाडी करून द्यायची, विषय संपला असता.

अडचण असते ती क्रूच्या विश्रांतीच्या नियमांची. पायलटने किती तास काम करायचं आणि दोन ड्युटींच्या मध्ये किती विश्रांती घ्यायची, हे कायद्याने ठरलेलं असतं. अमेरिकेत प्रवासी विमानाच्या पायलटला ड्युटीआधी किमान १० तासांची विश्रांती लागते आणि त्यात सलग ८ तास झोपेची संधी मिळायला हवी. कंपनीने सांगितलेला प्रवास, मग तो विमानाने असो की गाडीने, विश्रांतीत धरला जात नाही. म्हणजे रात्री पाच तास गाडीत गेले की विश्रांतीचं घड्याळ तेवढं उशिरा सुरू होतं आणि सकाळची फ्लाइट लांबते.

हे नियम कागदावरचे नाहीत, याचा अनुभव आपण डिसेंबर २०२५ मध्ये घेतला. पायलटच्या विश्रांतीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा भारतात नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. या नव्या नियमांमुळे आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. इंडिगोचं नियोजन कमी पडलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हजारो उड्डाणं रद्द झाली. ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजाराहून जास्त. विमानं जागेवर उभी होती, प्रवासी विमानतळावर होते, पण नियमात बसणारा क्रू हवा तितका नव्हता.

तेव्हा क्रूला वेळेत पोहोचवणं गरजेचं असतं, यात वाद नाही. वाद आहे तो पुढच्या मुद्द्यावर. या गरजेची किंमत कुणी मोजायची? नियोजन कंपनीचं चुकलं किंवा तिचा क्रू आजारी पडला, तर त्याचा भुर्दंड अमुक एका सीटवर बसलेल्या माणसाला का?

या प्रश्नाचं उत्तर ५० हून जास्त वर्षांपूर्वीच सापडलं होतं

कन्फर्म तिकीट असूनही जागा न मिळणं हा प्रकार जुना आहे. काही प्रवासी ऐन वेळी येत नाहीत, म्हणून कंपन्या सीटपेक्षा थोडी जास्त तिकिटं विकतात. सगळेच आले की कुणाला तरी मागे राहावं लागतं. पूर्वी हे 'कुणी तरी' कंपनी ठरवायची.

१९६८ मध्ये ज्युलियन सायमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने एक साधा उपाय मांडला. लोकांना विचारा की किती पैसे दिले तर तुम्ही पुढच्या विमानाने जाल? जो सगळ्यात कमी मागेल त्याला द्या. कुणाला घाई असते, तर कुणाला हजार-दोन हजार मिळाले तर चार तास थांबायला हरकत नसते. कुणाला घाई नाही हे कंपनीला कळत नाही, ते प्रवाशालाच माहीत असतं. तेव्हा विमान कंपन्यांनी ही कल्पना उडवून लावली.

मग २८ एप्रिल १९७२ रोजी ॲलेगेनी एअरलाइन्सने चुकीच्या माणसाला मागे ठेवलं. त्याचं नाव राल्फ नेडर, अमेरिकेतल्या ग्राहक चळवळीतलं सगळ्यात मोठं नाव. वॉशिंग्टनहून हार्टफर्डला जायचं कन्फर्म तिकीट त्यांच्याकडे होतं. नेडर कोर्टात गेले. १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जास्तीची तिकिटं विकण्याची पद्धत प्रवाशापासून लपवली म्हणून कंपनीवर खटला चालवता येतो.

त्यानंतर अमेरिकेच्या तेव्हाच्या विमान वाहतूक मंडळाने, अर्थतज्ज्ञ अल्फ्रेड कान अध्यक्ष असताना, सायमन यांची कल्पना उचलली. १९७८ पासून नियम झाला की आधी स्वखुशीने थांबणारे शोधायचे आणि त्यांना मोबदला द्यायचा. कुणीच मिळालं नाही तरच कुणाला सक्तीने थांबवायचं, आणि त्यालाही भरपाई द्यायची.

आज भारत, युरोप, अमेरिका सगळीकडे नियमांचा गाभा हाच आहे.

मग २०१७ मध्ये बिघडलं कुठे?

नियम होता, पण कंपनीने बोली मध्येच थांबवली. ८०० डॉलरला कुणी उठत नाही म्हटल्यावर १,२०० किंवा १,५०० म्हणायला हवं होतं. कंपनीच्या प्रमुखांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात १,००० डॉलरपर्यंत देऊ केल्याचं म्हटलं होतं. ते खरं धरलं तरी तिथे थांबायचं कारण नव्हतं. रविवारी संध्याकाळी घरी निघालेल्या माणसासाठी सोमवारचा दिवस त्याहून महाग होता, एवढंच त्या शांततेतून कळत होतं.

दुसरी गोष्ट वेळेची. क्रूचं आधीचं विमान बिघाडामुळे रखडलं होतं, म्हणून त्यांना ऐन वेळी ३४११ वर टाकलं गेलं. गेटवर थांबवलेला माणूस चिडतो, पण तो अजून बाहेरच असतो. सीटवर बसून पट्टा लावलेल्या माणसाला उठवणं ही वेगळीच गोष्ट. तिथे व्यवहार संपतो आणि जबरदस्ती सुरू होते.

त्यानंतर कंपनीने सुरुवातीला केलेलं निवेदनही अंगाशी आलं. प्रवाशांची 'पुन्हा सोय' करावी लागल्याबद्दल प्रमुखांनी दिलगिरी व्यक्त केली. फरपटत नेणं आणि 'सोय करणं' यातला फरक लोकांना कळत होता. पुढे पूर्ण माफी मागावी लागली आणि त्या डॉक्टरांशी कंपनीने कोर्टाबाहेर समझोता केला. रक्कम जाहीर झाली नाही.

२७ एप्रिल २०१७ रोजी युनायटेडने आपले नियम बदलले. त्यातले या विषयाशी जोडलेले मुद्दे असे:

- सुरक्षेचा प्रश्न नसेल तर सीटवर बसलेल्या प्रवाशाला सक्तीने उतरवायचं नाही.
- प्रवासी म्हणून जाणाऱ्या क्रूचं बुकिंग उड्डाणाच्या किमान ६० मिनिटं आधी झालेलं हवं.
- स्वखुशीने थांबणाऱ्याला १०,००० डॉलरपर्यंत मोबदला देता येईल.
- प्रवासी किंवा क्रूला पोहोचवण्यासाठी जवळचा दुसरा विमानतळ, दुसरी कंपनी, रस्त्याचा प्रवास असे पर्यायही शोधायचे.

म्हणजे 'टॅक्सीने का नाही पाठवलं' हा लोकांचा प्रश्न अगदीच भाबडा नव्हता. सगळ्या परिस्थितीत ते जमत नाही, पण विचार तरी करायला हवा, हे कंपनीनेही मान्य केलं.

१०,००० डॉलरचा आकडा दिखाऊ वाटू शकतो. पण मार्च २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या डलस विमानतळावर एका महिला प्रवाशाला थांबवण्याच्या बदल्यात युनायटेडने खरोखर १०,००० डॉलरचं व्हाउचर दिलं.

२०१८ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदाही केला. प्रवाशाने वेळेत चेक-इन केलं असेल आणि गेटवर त्याचा बोर्डिंग पास स्वीकारला असेल, तर सुरक्षा, आरोग्य किंवा गैरवर्तन अशी कारणं सोडून त्याला सक्तीने उतरवता येत नाही. आकडेही बोलके आहेत. अमेरिकेत सक्तीने मागे ठेवलेल्या प्रवाशांचं प्रमाण २०१६ मध्ये दर १० हजारांत ०.६२ होतं, ते २०१७ मध्ये ०.३४ वर आलं. विमानं तीच, क्रूची गरजही तीच. कंपन्यांनी जागेची किंमत मोजायची तयारी ठेवली, आणि मार्ग निघाला.

भारतात नियम काय आहे?

भारतात हा विषय डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे येतो. कन्फर्म तिकीट आहे, प्रवासी वेळेत हजर आहे, तरी विमानात घेतलं नाही, तर त्याला 'डिनाइड बोर्डिंग' म्हणतात. भरपाईचे सध्याचे आकडे ऑगस्ट २०१६ पासून लागू आहेत.

पहिली पायरी इथेही तीच. प्रवाशांपेक्षा सीट कमी पडल्या तर कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे शोधायचे. त्यांना काय द्यायचं हे कंपनी ठरवते, म्हणजे इथे तुम्हाला बोलणी करता येतात.

मनाविरुद्ध थांबवलं तर भरपाई अशी:

- मूळ वेळेपासून एका तासाच्या आत निघणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवलं, तर भरपाई नाही.
- २४ तासांच्या आत निघणारं विमान दिलं, तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या आणि इंधन शुल्काच्या २०० टक्के. कमाल १०,००० रुपये.
- २४ तासांनंतरचं विमान दिलं, तर ४०० टक्के. कमाल २०,००० रुपये.
- तुम्हाला दुसरं विमान नकोच असेल, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि वर ४०० टक्के. कमाल २०,००० रुपये.

समजा, तुमचं मूळ भाडं ३,००० रुपये आणि इंधन शुल्क ५०० रुपये आहे. सहा तासांनंतरच्या विमानात बसवलं तर ३,५०० च्या २०० टक्के, म्हणजे ७,००० रुपये मिळायला हवेत. भाडं आणि इंधन शुल्क मिळून ६,००० असेल तर हिशोबाने १२,००० होतात, पण कमाल मर्यादेमुळे १०,००० मिळतील.

आता क्रूचा प्रश्न. 'आमच्या स्टाफला अर्जंट पाठवायचंय' असं कारण दिलं तर भरपाई बुडते का? नियमाचा रोख सीट कमी पडण्यावर आहे. तुमच्याकडे कन्फर्म तिकीट होतं, तुम्ही वेळेत आलात आणि तुमची सीट दुसऱ्याला दिली गेली, एवढं पुरेसं असतं. तुमची कागदपत्रं अपुरी असतील, तब्येतीचं किंवा सुरक्षेचं कारण असेल, तर गोष्ट वेगळी.

नियम मोडणाऱ्या कंपनीवर कारवाई होते का? जून २०२२ मध्ये डीजीसीएने एअर इंडियाला १० लाख रुपयांचा दंड केला होता. वैध तिकीट असलेल्या प्रवाशांना विमानात घेतलं नाही आणि वर भरपाईही दिली नाही, हे तपासणीत आढळलं होतं.

परदेशातून येताना तिथला नियम लागू होऊ शकतो. युरोपीय संघाचा २००४ चा नियम तिथल्या विमानतळांवरून निघणाऱ्या सगळ्या कंपन्यांच्या विमानांना लागू आहे. म्हणजे फ्रँकफर्टहून मुंबईला भारतीय कंपनीच्या विमानाने येत असाल आणि मनाविरुद्ध थांबवलं, तर ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते.

थांबवतात ते कुणाला?

प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते, पण साधारणपणे तिकीट किती स्वस्तातलं आहे, चेक-इन किती उशिरा केलं, पुढे कनेक्टिंग फ्लाइट आहे का, त्या कंपनीच्या नेहमीच्या प्रवाशांच्या योजनेत तुम्ही आहात का, हे पाहिलं जातं. एकटी प्रवास करणारी लहान मुलं आणि अपंग प्रवासी यांना सहसा वगळतात. त्यामुळे वेब चेक-इन सुरू होताच करून टाकणं, हा सगळ्यात सोपा बचाव आहे.

गेटवर ही वेळ आली तर?

- आधी कारण विचारा आणि ते लेखी किंवा ईमेलवर मागा. 'डिनाइड बोर्डिंग' हा शब्द वापरून विचारा.
- बोर्डिंग पास, तिकीट आणि तुम्ही गेटवर किती वाजता होतात याचा पुरावा जपून ठेवा. तुम्हीच उशिरा आलात, असं नंतर सांगितलं जाऊ शकतं.
- कंपनी स्वखुशीने थांबणारे शोधत असेल आणि तुम्हाला घाई नसेल, तर हो म्हणण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्या. पुढचं विमान नेमकं कुठलं आणि त्यात सीट कन्फर्म आहे का? जेवण आणि हॉटेल मिळणार का? मोबदला रोख की व्हाउचर, आणि व्हाउचर असेल तर त्याची मुदत किती?
- 'स्वखुशीने थांबत आहे' अशा कागदावर सही केली की सक्तीने थांबवलेल्याला मिळणाऱ्या भरपाईवर सहसा पाणी सोडावं लागतं. म्हणून वाचल्याशिवाय सही नको.
- कंपनीने दाद दिली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही बोलता येतं. तिथेही काम झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे.

आणि समोरच्या काउंटरवरच्या मुलामुलीवर ओरडून फारसं काही होत नाही. कुणाला थांबवायचं, किती पैसे द्यायचे, हे बहुतेक वेळा त्यांच्या वरचं कुणी तरी ठरवतं. ड्युटी मॅनेजरला बोलवा, नियमाचा आकडा सांगा आणि जे ठरेल ते लेखी घ्या.